विजेवरचा स्वस्त पिकअप : काय वगळले तर चालते आणि काय वगळता येत नाही?

हुरॉनकाठ

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट परिसरात राहतो आणि गेली सतरा वर्षे गाड्यांच्या पोलादी सांगाड्यांचे काम करतो. आमच्या जवळच्याच ट्रॉय गावातल्या स्लेट ऑटो या नव्या कंपनीने २४ एप्रिल २०२५ रोजी विजेवर चालणारा एक दोन आसनी पिकअप दाखवला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय घोळतो आहे. या गाडीत काय आहे यापेक्षा काय नाही याचीच चर्चा जास्त झाली. तिला रंग नाही. बाहेरचे पत्रे पोलादाचे नसून करड्या रंगाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या साच्यातून काढलेले आहेत. काचा हाताने फिरवायच्या आहेत. मधोमध मोठा पडदा नाही, त्या जागी फोन अडकवायची खाच आहे, आणि स्पीकरही नाहीत. मोटार एकच, मागच्या चाकांना, १५० किलोवॉटची. बॅटरी ५२.७ युनिटची असून कंपनी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा पल्ला सांगते. जास्त पैसे दिले तर ८४.३ युनिटची बॅटरी आणि २४० मैल. वजन साधारण ६३५ किलो वाहता येईल, पण मागे जोडून ओढता येईल ते फक्त ४५० किलोच्या आसपास.

सुरुवातीला ‘सवलतीनंतर २० हजार डॉलरच्या आत’ अशी घोषणा होती. ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली आणि त्यानंतर कंपनी २५ हजार डॉलरच्या आसपासचा आकडा सांगू लागली. त्यामुळे जे वगळले ते योग्य ठिकाणी वगळले का, हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे.

माझे मत सरळ आहे. जी गोष्ट मालकाला नंतर बसवून घेता येते ती कारखान्याने खुशाल वगळावी; जी नंतर बसवता येत नाही तिच्यात मात्र एक पैशाचीही काटकसर करू नये. पडदा, स्पीकर, रंग हे पहिल्या गटातले. बॅटरीचे आकारमान, हौद्याची लांबी-रुंदी, सांगाड्याची मजबुती आणि अपघातातली सुरक्षा हे दुसऱ्या गटातले. तुम्हाला हे पटते का? आणि एक घरगुती प्रश्नही आहे. माझी पत्नी भाड्याच्या परवानाधारक स्वयंपाकघरातून नोव्हाय, कॅन्टन, फार्मिंग्टन हिल्स या भागांत डबे पोहोचवते. ५० डॉलर भरून आम्ही नाव नोंदवले आहे. छोटी बॅटरी घ्यावी की मोठी?

पिंपळपार

धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्यात मालवाहू गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. आपला प्रश्न वाचून मला २००५ साल आठवले. त्या वर्षी टाटांचा एस बाजारात आला, ज्याला पुढे सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणू लागला. दोन सिलिंडरचे ७०० सीसीचे डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. त्यातही बरेच काही वगळले होते, पण त्या वेळी तुलना चारचाकीशी नव्हतीच, तीनचाकी टेम्पोशी होती. टेम्पोवाल्याला काय हवे होते? घाटात उलटणार नाही अशी चार चाके, बंद केबिन, आणि गल्लीत वळेल एवढी लहान लांबी. एवढे तीन धागे पक्के धरून बाकीचे सोडले, म्हणून ती गाडी चालली.

म्हणून मला आपल्या नियमात एक भर घालावीशी वाटते. नंतर बसवता येते की नाही, यापूर्वी ‘हा गाडीवाला आज काय चालवतो आहे’ हे विचारायला हवे. तुमच्याकडचा माणूस आज पाच मीटर लांबीचा, सगळ्या सोयींचा पिकअप चालवतो. त्याच्या दृष्टीने हाताने फिरवायची काच म्हणजे एक पायरी खाली उतरणे आहे. आमच्याकडच्या टेम्पोवाल्याच्या दृष्टीने काच असणे हीच एक पायरी वर होती.

कौलारू

हाताने फिरवायची काच पंचवीस वर्षे न बिघडता चाललेली मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळे माझे मत काचेच्या बाजूने नोंदवून घ्यावे.

निफाडची_वाट

मी टोमॅटो आणि द्राक्षे पिकवतो. हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात रोज खेप असते. आकड्यांच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे ती मांडतो : हौद्याची जमिनीपासूनची उंची.

टोमॅटोचे एक कॅरेट भरून वीस किलोच्या आसपास जाते. गाडीला ७५० किलो पासिंग, म्हणजे कायद्याने तेवढेच वजन भरता येते, म्हणजे सदतीस कॅरेट. ती चढवणारे आम्ही दोघेच, मी आणि माझा पुतण्या. हौदा कमरेच्या खाली असेल तर कॅरेट सरळ ढकलता येते. छातीपर्यंत असेल तर प्रत्येक कॅरेट उचलून फेकल्यासारखे ठेवावे लागते आणि वरच्या थरातला माल दबतो. बॅटरी हौद्याखाली बसवली की हौदा वर जातो, हे मी दोन विजेच्या गाड्यांत पाहिले. दुसरी गोष्ट फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या उघडून खाली पडणाऱ्या बाजूची. तिन्ही बाजूंचे फाळके पडत असतील तर बाजारात गाडी कशीही लावली तरी माल उतरतो. मागचा एकच फाळका असेल तर गर्दीत गाडी वळवण्यातच अर्धा तास जातो. तुमच्या स्लेटच्या हौद्याला दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती आहेत असे चित्रात दिसते. म्हणजे ती नंतर बसवता न येणारी गोष्ट झाली, आणि तुमच्या यादीत तिचे नाव नाही.

हुरॉनकाठ

निफाडकर दादा, आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले. बाजूच्या भिंती इथे नुसत्या भिंती नसतात. केबिन आणि हौदा एकसंध केला की त्या भिंती सांगाड्याला पीळ पडण्यापासून वाचवतात, आणि त्यामुळे खालची चासी हलकी करता येते. बाजूचे फाळके पडायला हवे असतील तर ती ताकद खालच्या चासीत घालावी लागते. म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या सोयीची किंमत चासीच्या वजनात मोजली जाते. मालवाहतुकीच्या गाडीत ती मोजणे योग्यच आहे. मी माझी यादी दुरुस्त करतो.

विद्युतवेल

बॅटरीचे काम करते, म्हणून त्या भागावर थोडे विस्ताराने लिहिते.

प्रथम गणित. ५२.७ आणि ८४.३ युनिटांत ३१.६ युनिटांचा फरक आहे. खोके, थंड ठेवण्याची व्यवस्था आणि वायरिंग धरून एका किलोत १५० वॉट-तास धरले, तर मोठी बॅटरी सुमारे २१० किलोने जड पडेल. गाडीचे एकूण परवानगीचे वजन तेच ठेवले तर हे २१० किलो थेट वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतात आणि ६३५ चे ४२५ उरतात. म्हणजे लांब पल्ल्यासाठी जास्त पैसे देणारा माणूस एक तृतीयांश माल घरी ठेवून निघतो. पिकअप घेणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट रसायनाची. भारतातल्या बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. तिच्यात निकेल आणि कोबाल्ट नसते, ती स्वस्त पडते, रोज पूर्ण भरली तरी फारशी खराब होत नाही, आणि भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने जास्त सोसते. तिचा दोष म्हणजे ती त्याच वजनात कमी वीज साठवते आणि कडाक्याच्या थंडीत अधिक अडखळते. स्लेटने निकेलयुक्त बॅटरी निवडली आहे. ती हलकी आहे आणि थंडीत तुलनेने बरी वागते, पण रोज शंभर टक्के भरणे तिला मानवत नाही. ऐंशीवर थांबावे असेच आम्ही सगळे सांगतो. म्हणून १५० मैलांच्या गाडीत रोज वापरायला मिळतात ते १२० मैल. मिशिगनच्या जानेवारीत केबिन गरम ठेवणे आणि बॅटरी गरम करणे यात आणखी तीस टक्के गेले असे धरा, म्हणजे ८४ मैल राहिले. मोठ्या बॅटरीचे हेच गणित १३४ मैलांवर येते. तुमच्या पत्नींची हिवाळ्यातली सर्वांत लांबची फेरी किती आहे, हे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये.

तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका युनिटला किती किलोमीटर, हे पाहा. स्लेटचे आकडे भागले तर एका युनिटला साधारण साडेचार किलोमीटर मिळतात. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा एस प्रो ईव्हीत १४.४ युनिटची बॅटरी आहे आणि पल्ला १५५ किलोमीटर सांगितला आहे, म्हणजे एका युनिटला पावणेअकरा किलोमीटर. चाचणीच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि आपल्याकडच्या चाचणीत वेग कमी असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एका तराजूत घालू नयेत. तरीही मोठा फरक वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ११० किलोमीटरने धावायचे ठरवले की त्या एका अपेक्षेपायी बॅटरी, वजन, ब्रेक आणि किंमत अशा चारही गोष्टी वाढत जातात. स्वस्त गाडी हवी असेल तर पडद्याआधी कमाल वेग कमी करावा, असे माझे मत आहे.

उत्तरेचा_वारा

विद्युतवेल यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी टेक्सासमध्ये असतो. इथे घरातून निघाले की पाच मिनिटांत महामार्ग लागतो आणि ताशी १२० किलोमीटरने चालणाऱ्या मालमोटारींच्या मधोमध ताशी ८० किलोमीटरने जाणे हा जिवाशी खेळ आहे. इथल्या गाडीचा कमाल वेग कमी करता येत नाही. स्लेटने तो ताशी ९० मैल ठेवला आहे आणि ते योग्य केले.

मला खरी अडचण ओढण्याच्या क्षमतेत दिसते. ४५० किलोत गवत कापायचे एक मोठे यंत्र आणि त्याचा ट्रेलर एवढेही बसत नाही. इथला लहान कंत्राटदार आपली अवजारे ट्रेलरवरच नेतो. पुढे एक ऐतिहासिक भर घालतो. अमेरिकेत लहान स्वस्त पिकअप नाहीत याचे एक कारण १९६४ पासूनची २५ टक्के आयात जकात आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याच्या उत्तरादाखल ती हलक्या ट्रकांवर बसली आणि कोंबड्यांचे भांडण मिटून गेले तरी ट्रकांवरची जकात राहिली. त्यामुळे आशियातला एखादा लहान पिकअप इथे आणून विकणे परवडत नाही. स्पर्धाच नसल्यावर इथल्या कंपन्यांनी गाड्या मोठ्या आणि महाग करत नेल्या. २०२१ मध्ये फोर्डने आपली लहान पिकअप मॅव्हरिक २० हजार डॉलरच्या आत आणली तेव्हा ती हातोहात गेली. आज तीच २८ हजारांच्या पुढे आहे.

पिंपळपार

टेक्सासचे म्हणणे टेक्सासपुरते खरे आहे. मात्र ठाण्यातून भिवंडीला जाणाऱ्या गाडीला ताशी ७० पुरतात, आणि मला वाटते विद्युतवेल ताईंना तेच म्हणायचे होते. एकच गाडी दोन्ही ठिकाणी स्वस्त होणार नाही.

घाटमाथा

आमची पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी आहे. माल भरून पसरणी घाटाने वाईत उतरतो आणि रिकामी गाडी घेऊन वर येतो. विजेच्या गाडीसाठी यापेक्षा चांगला रस्ता नाही, असे मला वाटत होते, कारण उतारावर ब्रेक लावला की मोटार जनित्र होते आणि बॅटरी भरते.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की माझा क्रम उलटा आहे. रात्री गाडी घरी पूर्ण भरायची, पहाटे भरलेल्या बॅटरीने घाट उतरायचा. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. मोटारीचा ब्रेक जवळजवळ लागत नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. महाबळेश्वर ते वाई हा उतार धरला तर उंचीतला फरक साडेसहाशे मीटरांचा आहे. भरलेली गाडी दीड टन धरली तर त्या उतरणीत अडीच युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा दडलेली असते. १४-१५ युनिटांच्या बॅटरीत ती सहावा हिस्सा झाली. आता मी रात्री ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवतो. गाडीला ही सोय कारखान्यातून हवी होती. फक्त एक बटण, ‘इतकेच भर’ असे सांगणारे. ते नसल्यामुळे मला पहाटे तीनचा गजर लावून उठावे लागते. स्वस्त गाडीत पडदा नसला तरी चालेल. हे बटण मात्र असायलाच हवे.

विद्युतवेल

घाटमाथा, आपला अनुभव मी माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. या बटणाला जवळजवळ काहीच खर्च नाही. तो दोन ओळींच्या आज्ञावलीचा प्रश्न आहे. स्वस्त गाडीत काय वगळले याची यादी आपण करतो, पण फुकटात देता येण्यासारखे काय राहून गेले, ही यादी कोणी करत नाही.

शिरोळकर

रंगाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून विचारतो. कोल्हापूरच्या उन्हात रंग न दिलेला प्लास्टिकचा पत्रा पाच वर्षांत पांढुरका पडणार नाही का? आमच्या घराच्या गच्चीवरच्या टाकीचे तेच झाले आहे.

हुरॉनकाठ

शिरोळकर, शंका रास्त आहे. प्लास्टिकमध्ये अतिनील किरण रोखणारी द्रव्ये मिसळतात, आणि आजच्या गाड्यांचे रंग न दिलेले बंपर पाहिले तर चांगल्या मिश्रणाचा भाग बरीच वर्षे टिकतो, स्वस्त मिश्रणाचा टिकत नाही. इथे लोक वरून रंगीत वेष्टन चिकटवतील, तेही संरक्षणच आहे.

पण रंग वगळण्यामागचे कारण गाडीवर होणाऱ्या रंगाच्या खर्चापुरते नाही. रंगशाळा हा मोटार कारखान्यातला सर्वांत महागड्या विभागांपैकी एक असतो. टाक्या, भट्ट्या, हवा गाळणारी यंत्रणा, धुराचे परवाने हे सगळे गाडी विकण्याआधी उभे करावे लागते. पत्रे दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचेही तसेच. हे दोन्ही वगळले म्हणून स्लेटला इंडियाना राज्यातल्या वॉर्सा गावी एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत कारखाना मांडता येतो आहे. ज्या कंपनीला पहिल्या वर्षी लाखांत गाड्या विकायच्या नाहीत तिच्यासाठी हे फार मोठे आहे.

याची दुसरी बाजूही मला माहीत आहे. जनरल मोटर्सच्या सॅटर्न या गाड्या १९९० पासून प्लास्टिकच्या बाह्य पत्र्यांच्या होत्या. पार्किंगमध्ये दुसऱ्याचे दार आपटले तरी पोचा पडत नसे, लोकांना ते फार आवडे. मात्र प्लास्टिक उन्हाळ्यात पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगते, म्हणून दोन पत्र्यांमध्ये रुंद फटी सोडाव्या लागत आणि त्या फटींमुळे गाडी हलक्या दर्जाची दिसे. करड्या, बिनरंगाच्या गाडीत तीच फट काळी रेघ म्हणून खपून जाते. इथे आकार आणि साहित्य एकमेकांना सांभाळून घेतात, आणि मला हा या गाडीतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो.

माथेरानची_सावली

माझ्याकडे चार विजेच्या मालवाहू गाड्या आहेत, भिवंडीच्या गोदामांतून ठाणे आणि कल्याणला माल जातो. मी कंपनीचे नाव घेणार नाही, पण गेल्या पावसाळ्यात एका गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज देणारा नियंत्रक, गेला आणि नवा यायला सव्वीस दिवस लागले. सव्वीस दिवस हप्ता चालू आणि गाडी बंद. सुरुवातीच्या किमतीत मी जे वाचवले होते ते त्या महिन्यात गेले.

म्हणून माझा आग्रह असा आहे की स्वस्त गाडीचा प्रत्येक भाग नाक्यावरच्या फिटरला कळणारा आणि शेजारच्या दुकानात मिळणारा असावा. चाके, ब्रेक, दिवे, आरसे, पुसणी हे सगळे कोणत्यातरी खपणाऱ्या गाडीचेच वापरावे. दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना खुली असावी. बॅटरीचे खोके खालून दगड लागून फुटले तर फक्त खालचे कवच बदलता यावे. सध्या अनेक गाड्यांत सगळा संच बदलण्याखेरीज उपाय नसतो, आणि विमा कंपनी सरळ गाडी भंगारात काढते.

आणि केबिन. माझे चालक दिवसाचे दहा तास त्या केबिनमध्ये असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ३.५ टनांवरच्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, पण आमच्या छोट्या गाड्या त्या नियमाच्या बाहेर राहिल्या. स्लेटने काच हाताने फिरवायला ठेवली तरी वातानुकूलन मूळ गाडीतच दिले आहे, हे वाचून मला बरे वाटले. मे महिन्यात कल्याणच्या सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला विचारा, पडदा हवा की थंड हवा.

कौलारू

ताई, तुमच्या या परिच्छेदानंतर मला माझ्या काचेबद्दल काही म्हणायचे उरले नाही.

शिरोळकर

सुरक्षेचे काय? आमच्या छोट्या मालवाहू गाड्यांत चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांत वीतभर अंतर असते.

हुरॉनकाठ

यावर मला बरेच लिहायचे आहे, कारण हे माझेच काम आहे. चालकाला पुढच्या चाकांवर बसवले की लांबी वाचते. एस प्रोची लांबी साडेतीन मीटरांच्या आसपास आहे आणि तरी हौदा साडेसहा फूट आहे. स्लेट जवळजवळ साडेचार मीटरांची असून हौदा पाचच फूट आहे. मग ते मीटरभर कुठे गेले? चालकाच्या पुढे. समोरून धडक झाली की तो भाग क्रमाक्रमाने चुरगळतो आणि ऊर्जा गिळतो. विजेच्या गाडीत तिथे इंजिन नसल्यामुळे चुरगळायला जास्त मोकळी जागा मिळते, आणि एरवी तिथे सामानही ठेवता येते. गल्लीतल्या वळणासाठी आपण भारतात तो मीटर सोडून दिला. ही काटकसर नंतर कधीही भरून काढता येत नाही. गाड्यांची सुरक्षा तपासणारी भारत एनकॅपची धडक चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, तीही प्रवासी मोटारींसाठी. मालवाहू गाडीच्या चालकाचा हिशोब तिच्यात नाही. विजेच्या मोटारीमुळे गाडीची मांडणी नव्याने करायची संधी आली आहे, आणि चालकापुढे निदान अर्धा मीटर ठेवून हौदा मागे सरकवता येईल का, हा प्रश्न पुण्या-चिंचवडच्या तरुण अभियंत्यांनी मनावर घ्यावा असे मला कळकळीने वाटते.

निफाडची_वाट

अर्धा मीटर पुढे द्या, आम्ही एक कॅरेट कमी भरू. पुतण्या गाडी चालवतो.

उत्तरेचा_वारा

फोर्डचा मार्ग वेगळा आहे, तोही इथे नोंदवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी ३० हजार डॉलरच्या आसपासच्या विजेच्या पिकअपची घोषणा केली, २०२७ मध्ये लुईव्हिलच्या कारखान्यातून. ते लोकांच्या डोळ्यांना दिसणारी सोय कमी करत नाहीत. आतले सुटे भाग २० टक्क्यांनी आणि बोल्ट-नट २५ टक्क्यांनी कमी करणार आहेत. वायरिंगची जुडी त्यांच्या पहिल्या विजेच्या गाडीपेक्षा ४,००० फुटांहून अधिक लहान आणि १० किलोंनी हलकी होणार आहे. बॅटरी लोह-फॉस्फेटची. म्हणजे गिऱ्हाइकाला काही सोडावे लागू नये, कारखान्याने सोडावे, असा विचार आहे. त्यांचीच मोठी विजेची एफ-१५० लाइटनिंग २०२२ मध्ये आली होती. जुन्या मोठ्या ट्रकच्या सांगाड्यावर अवजड बॅटरी बसवलेली. डिसेंबर २०२५ मध्ये तिचे उत्पादन थांबवल्याची घोषणा झाली. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी कोंबून स्वस्त गाडी होत नाही, हे त्यातून दिसते.

पिंपळपार

हे फार मोलाचे आहे, पण यासाठी आधी हजारो कोटी गुंतवणारी कंपनी लागते. नव्या कंपनीला वायरिंग कमी करायचे असेल तर काचेचे बटण काढणे हाच हातातला उपाय असतो. दोघेही वायरच कमी करत आहेत.

घाटमाथा

मूळ प्रश्न राहून गेला. वहिनींची लांबची फेरी किती?

हुरॉनकाठ

आठवण करून दिल्याबद्दल आभार. काल रात्री आम्ही दोघे मागच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी काढून बसलो. सर्वांत लांबची फेरी ६२ मैलांची निघाली, तीही आठवड्यातून एकदा, गुरुवारी. विद्युतवेल यांच्या ८४ मैलांच्या हिशोबात ती बसते आणि बावीस मैल शिल्लक राहतात. मोठ्या बॅटरीची गरज दिसत नाही. घरच्या १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर मात्र भागणार नाही. तिथून ताशी दीड युनिटही मिळत नाही, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दीड दिवस. गॅरेजमध्ये २४० व्होल्टची जोडणी करून घ्यावी लागेल आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरायला हवा.

पण पत्नीने हा सगळा धागा वाचून जे विचारले त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तिने विचारले, ‘उणे पंधरा अंशांत उघड्या हौद्यात वरणाचे डबे ठेवायचे कुठे?’ स्लेटच्या मागे आच्छादन आणि आसने बसवून पाच जणांची बंद गाडी करता येते, तसा संच कंपनी विकणार आहे. मी त्याला ‘नंतर बसवता येण्याजोगे’ या गटात टाकून मोकळा झालो होतो. आमच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून लागणार आहे. त्याची किंमत मिळवली की ही गाडी आणि एखादी बंद, आधीच तयार असलेली जुनी विजेची गाडी यांत फारसे अंतर राहणार नाही, अशी मला शंका येते.

माथेरानची_सावली

वहिनींचा प्रश्न योग्य आहे. उष्णतारोधक पेट्या कितीही चांगल्या असल्या तरी दर थांब्याला फाळका उघडला की थंडी आत जाते. बंद हौदा आणि केबिनच्या मागच्या बाजूने आत हात घालता येईल असे दार असेल, तरच डब्यांचे काम होईल. संचात तसे दार आहे का, ते नोंदणी पक्की करण्यापूर्वी विचारून घ्या.

निफाडची_वाट

आणि मागच्या तळाची उंची मोजून घ्या. वरणाचे मोठे पातेले आणि माझे कॅरेट उचलताना कंबर सारखीच वाकते. मी आज संध्याकाळी आमच्या गाडीचा हौदा जमिनीपासून किती आहे आणि पुतण्याच्या कमरेची उंची किती आहे, ते मोजून इथे लिहितो. वहिनींनीही आपले मोजावे.